कोरड्या जमिनीतील झटका-कुंपण : दोष यंत्राचा की अर्थिंगचा?

कुरणाभोवती किंवा शेताभोवती बसवलेले विजेचे झटका-कुंपण पावसाळ्यात चोख काम करते आणि मार्च उजाडला की जनावरे त्याला जुमानेनाशी होतात, ही कोरडवाहू पट्ट्यातील पशुपालकांची जुनी तक्रार आहे. यंत्रावरचा दिवा लुकलुकत असतो, ठोक्यांचा टकटक आवाज येत असतो, बॅटरीही भरलेली असते. तरी गाय तार रेटून पलीकडच्या पिकात शिरते. अशा वेळी दोष बहुधा यंत्राला दिला जातो. ते दुरुस्तीला पाठवले जाते किंवा त्याहून मोठ्या क्षमतेचे यंत्र विकत आणले जाते. पुष्कळदा मात्र यंत्र निर्दोष असते आणि बिघाड जमिनीत असतो.

झटका-कुंपणाची तार हा विद्युत मंडलाचा केवळ अर्धा भाग असतो. यंत्राच्या एका टोकापासून निघालेला विजेचा ठोका तारेतून जातो, तारेला टेकलेल्या जनावराच्या अंगातून त्याच्या खुरांवाटे जमिनीत उतरतो आणि मातीतून प्रवास करीत यंत्राजवळ पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडपर्यंत परत येतो. हे वर्तुळ पूर्ण झाले तरच जनावराला झटका बसतो. म्हणजे शेतातील माती ही या कुंपणाची दुसरी तार आहे. ओली माती ही कामगिरी बऱ्यापैकी पार पाडते. मातीतील ओलावा वजनाच्या सुमारे १५ टक्क्यांखाली गेला की तिचा विजेला होणारा रोध झपाट्याने वाढू लागतो. उन्हाळ्यात वरच्या थराची स्थिती याहूनही वाईट असते.

मातीच्या या गुणाला अभियंते विशिष्ट रोध म्हणतात आणि तो ओहम-मीटरमध्ये मोजतात. दमट चिकणमातीत तो काही दहांत असतो, तर कोरड्या वाळूत किंवा मुरमाड जमिनीत १,००० ओहम-मीटरच्याही पुढे जातो. हिशेबासाठी सुमारे १.८ मीटर म्हणजे सहा फूट लांबीचा आणि १६ मिलिमीटर जाडीचा एक रॉड घ्यावा. १०० ओहम-मीटरच्या जमिनीत त्याचा रोध ५० ओहमच्या आसपास भरतो आणि १,००० ओहम-मीटरच्या जमिनीत तोच रॉड ५०० ओहमच्या वर जातो. रॉड तोच, खोलीही तीच. रोध मात्र दहापट.

या आकड्याचा अर्थ लागण्यासाठी जनावराच्या शरीराचा रोध लक्षात घ्यावा लागतो. कुंपण-यंत्रांच्या चाचणीत तो सर्वसाधारणपणे ५०० ओहम धरला जातो. कोरड्या जमिनीत एकट्या रॉडचा रोधच तेवढा असेल, तर यंत्राने पाठवलेल्या ठोक्यातील मोठा वाटा जनावरापर्यंत न पोहोचता रॉडभोवतीच्या मातीत खर्ची पडतो.

खुराखालची माती

अर्थिंगविषयीच्या बहुतेक सल्ल्यांत एवढेच सांगून पुढे ‘रॉड वाढवा’ असा उपाय सुचवला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. वीज जमिनीत शिरते ती जागाही तितकीच महत्त्वाची असते आणि ती जागा म्हणजे जनावराचे खूर. गायीचा एक खूर जमिनीला टेकतो ते क्षेत्र तळहाताएवढे. १,००० ओहम-मीटरच्या कोरड्या मातीवर चारही खुरांचा मिळून रोध ढोबळमानाने ८०० ते १,००० ओहम येतो. शेळीचे खूर लहान असल्याने तिच्या बाबतीत हा आकडा २,५०० ओहमच्या घरात जातो. तिच्या अंगावरील कोरडे केस आणि मेंढीच्या अंगावरील लोकर यांचा अडसर याखेरीज वेगळाच.

तारेवर ६,००० व्होल्टचा ठोका उपलब्ध आहे असे धरून गायीचा साधा हिशेब मांडता येतो. दमट जमिनीत, एकच रॉड असतानाही, तिच्या शरीराच्या वाट्याला सुमारे ४,७०० व्होल्ट येतात. कोरड्या जमिनीत त्याच रॉडवर हा वाटा १,६०० पर्यंत घसरतो. योग्य अंतरावर तीन रॉड बसवले, तर तो १,९०० च्या आसपास जातो. सहा बसवले, तरी जेमतेम २,००० होतो. गायी-म्हशींना धाक बसण्यासाठी सर्वसाधारणपणे २,००० ते ३,००० व्होल्ट आणि मेंढ्यांसाठी ४,००० व्होल्ट लागतात, असे मानले जाते. प्रत्यक्षातील यंत्र, तारेची लांबी, तिच्यावरची गळती यांनुसार हे आकडे बदलतात. त्यांतील कल मात्र बदलत नाही : रॉड वाढवल्याने यंत्राकडील अडथळा हटतो, खुराखालचा तसाच राहतो. म्हणून कोरड्या जमिनीत दोन निरनिराळे प्रश्न सोडवावे लागतात आणि त्यांची उत्तरेही निरनिराळी आहेत.

या तंत्राची पाळेमुळे ज्या प्रदेशात आहेत, तेथे दुसरा प्रश्न फारसा जाचक नव्हता. जनावरांच्या विद्युत कुंपणाचा मोठा विकास न्यूझीलंडमध्ये झाला. हॅमिल्टनचे बिल गॅलाघर यांनी १९३०च्या दशकात त्यावर काम सुरू केले, तर तेथीलच रुआकुरा संशोधन केंद्रातील डग फिलिप्स यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी लांब पल्ल्याच्या कुंपणाला पुरेल असे शक्तिशाली यंत्र विकसित केले. हिरव्यागार, दमट कुरणांचा तो मुलूख. एक जिवंत तार आणि परतीसाठी जमीन, ही मांडणी तेथे स्वाभाविक होती. तीच मांडणी जशीच्या तशी वैशाखातल्या माळरानावर उभी केली की अडचणी सुरू होतात.

यंत्राजवळचे अर्थिंग

पहिल्या प्रश्नाचा, म्हणजे यंत्राकडील अर्थिंगचा, प्रचलित ठोकताळा असा : यंत्राच्या प्रत्येक जूल क्षमतेमागे तीन फूट रॉड आणि कोणत्याही परिस्थितीत सहा फुटांचे किमान तीन रॉड. कोरड्या जमिनीत ही संख्या दुप्पट करावी लागली तर नवल नाही. रॉडमधील अंतर किमान तीन मीटर असावे. दोन रॉड जवळजवळ ठोकले, तर दोघेही मातीच्या एकाच पट्ट्यावर विसंबतात आणि दुसऱ्याचा खर्च वाया जातो. सर्व रॉड एकाच अखंड तारेने जोडावेत. तारेला नुसता पीळ न देता गंज न धरणारा क्लॅम्प वापरावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी रॉडला तांब्याची तार जोडण्याची पद्धत सर्रास दिसते. ओलावा लागताच या दोन धातूंच्या सांध्यावर गंज चढतो आणि वर्ष-दोन वर्षांत जोड नावापुरता उरतो. रॉड जस्ताचा असेल तर तार आणि क्लॅम्पही जस्ताचेच हवेत. काँक्रीटमधली जुनी सळई, नांगराचा तुकडा किंवा गंजलेला पाइप यांच्या भरवशावर कुंपण सोडणे ही खोटी काटकसर आहे.

जागेची निवड संख्येपेक्षाही मोलाची ठरते. अर्थिंग यंत्राला चिकटूनच असले पाहिजे, असा नियम नाही. यंत्र गोठ्याच्या भिंतीवर आणि रॉड शंभर मीटरवरील ओढ्याच्या काठी, ही मांडणी पूर्णपणे ग्राह्य आहे. मधली तार मात्र पुरेशी जाड आणि अखंड हवी. बांधाची पाणी मुरणारी बाजू, फळझाडांच्या ठिबकची ओळ, विहिरीच्या पाटाचा काठ या जागा उन्हाळ्यातही थोडीफार ओल धरून असतात. शेततळ्याचा काठ ओला दिसतो, पण तळात प्लास्टिकचे अस्तर असेल, तर बाहेरच्या मातीत थेंबही झिरपत नाही. पाणवठ्याजवळची माती ओली असते, तरी जनावरे उभी राहतात तिथून रॉड काही मीटर दूर ठेवावेत. अन्यथा रॉडभोवतीच्या जमिनीतून जाणाऱ्या ठोक्याचा चटका पाणी पिताना त्यांच्या पायांना जाणवू शकतो आणि जनावर कुंपणाऐवजी हौदालाच भिऊ लागते.

घराच्या किंवा कृषिपंपाच्या अर्थिंगपासून कुंपणाचे अर्थिंग किमान १० मीटर दूर असावे, अशी अट आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात आहे. जवळच्या कूपनलिकेचा लोखंडी पाइप हा आयता, खोल आणि ओलसर रॉड वाटतो. परंतु त्याच्याशी पंपाची मोटर आणि तिचे संरक्षक अर्थिंग जोडलेले असते. त्याला कुंपणाची तार जोडणे टाळावे. पाण्याच्या नळांबाबतही हेच.

जमिनीच्या प्रकाराप्रमाणे अडचण बदलते. थरच्या वाळूत रॉड हाताने ढकलला तरी आत जातो, पण त्याच्याभोवती ओल आणि घट्ट संपर्क या दोहोंची वानवा असते. तिथे खोली वाढवणे हाच पहिला उपाय. दख्खनच्या पठारावर उलट परिस्थिती असते. फूट-दीड फुटावर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागला, तर सहा फुटांचा रॉड उभा जाणारच नाही. अशा वेळी रॉड कापून आखूड करण्याचा मोह होतो. त्याऐवजी मातीचा थर जिथे जाड असेल, अशा सखल भागात दोन-अडीच फूट खोल चर खणून त्यात जस्ताच्या मुलाम्याची पट्टी किंवा जाड तार आडवी पुरावी. आडव्या पट्टीचा उपयोग उभ्या रॉडइतकाच होतो, फक्त ती लांब असावी लागते. कोकण-गोव्यातील जांभ्याच्या सड्यावर हीच तऱ्हा चालते. पावसाळ्यात पाण्याने निथळणारा सडा मे महिन्यात किती कोरडा पडतो, हे तेथील गुराख्यांना सांगण्याची गरज नाही.

काळ्या कापसाच्या जमिनीची गंमत निराळी आहे. ही माती ओल धरून ठेवण्यात वरचढ, म्हणून ती अर्थिंगला उत्तम समजली जाते आणि वर्षातले आठ महिने ते खरेही असते. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हात-हात खोल भेगा पडतात. रॉडलगत भेग पडली की माती रॉडला सोडते. खाली ओल असूनही रॉडचा वरचा भाग हवेत लोंबकळल्यासारखा राहतो. येथे लांब रॉड, ८ ते १० फुटांचे, अधिक भरवशाचे ठरतात, कारण भेगांच्या खालची माती त्यांना धरून ठेवते. रॉडच्या तोंडाशी आळे करून आठवड्यातून एकदोनदा पाणी सोडणे आणि त्यावर काडीकचऱ्याचे आच्छादन घालणे, हा बिनखर्ची उपायही परिणामकारक आहे.

मीठ आणि कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा भरण्याची पद्धत भारतात वीज जोडणीइतकीच जुनी आहे. मिठाने मातीचा रोध खरोखर उतरतो. परंतु ते पावसाबरोबर वाहून जाते, दरवर्षी भरावे लागते आणि जस्ताचा मुलामा खाऊन टाकते. त्याहून सरस पर्याय बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा आहे. कच्छ आणि बाडमेर भागांत तिच्या खाणी आहेत. रॉडपेक्षा रुंद भोक पाडून त्यात पाण्यात कालवलेले बेंटोनाइट ओतले, तर ते रॉडला घट्ट लपेटून बसते आणि ओल दीर्घकाळ टिकवते. अत्यंत रुक्ष जमिनीत मात्र तेही वाळून आकसू शकते. पाणी कधीच मिळणार नसेल, तर बेंटोनाइटकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

परतीची तार

खुराखालच्या कोरड्या मातीवर उपाय एकच : जमिनीवर विसंबणेच सोडून द्यायचे. कुंपणात एकाआड एक जिवंत आणि अर्थिंगची तार ओढली की जनावर त्यातून डोके घालताना दोन्ही तारांना एकाच वेळी टेकते आणि ठोका अंगातून थेट परतीच्या तारेत जातो. माती वाटेतच येत नाही. वरच्या उदाहरणातील गायीला अशा कुंपणात तारेवरचे जवळजवळ सगळे व्होल्ट मिळतात. रॉड दुप्पट-तिप्पट करूनही जे साधत नाही, ते एका जादा तारेने साधते. ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या रुक्ष भागांत ही रचना रुळलेली आहे.

तिच्याही मर्यादा आहेत. एकाच तारेला नाक लावणाऱ्या जनावराला पूर्वीइतकाच क्षीण झटका बसतो, म्हणून तारांमधील अंतर असे ठेवावे लागते की डोके किंवा खांदा घालताना दोन तारा टाळताच येऊ नयेत. गायी-म्हशींसाठी दोन-तीन तारा भागतात, शेळ्यांसाठी पाच-सहा लागतात. दोन तारा सैल पडून एकमेकींना भिडल्या, तर सगळे कुंपण एका क्षणात मृत होते. तेव्हा ताण आणि खांबांमधील अंतर यांबाबत हयगय चालत नाही. सर्वांत खालची तार अर्थिंगची ठेवल्यास पावसाळ्यात वाढणाऱ्या गवताने गळती होत नाही. लांब कुंपणात परतीच्या तारेला काही शे मीटरवर एकेक रॉड जोडत जावे. म्हणजे पावसाळ्यात जमीनही मदतीला येते. काही पशुपालक मधल्या तारांना स्विच बसवून घेतात. पाऊसकाळात त्या जिवंत असतात, उन्हाळ्यात त्याच अर्थिंगच्या होतात.

भारतात अनेक शेतांना काटेरी तारेचे कुंपण आधीपासूनच असते. काटेरी तारेत कधीही वीज सोडू नये. तिच्यात अडकलेल्या जनावराला किंवा माणसाला सुटता येत नाही आणि सुरक्षा मानकात तिला स्पष्ट मनाई आहे. परंतु तीच तार ठरावीक अंतरावर अर्थिंगला जोडून, तिच्यापासून किमान १५ सेंटिमीटर पुढे इन्सुलेटरवर साधी जिवंत तार ओढता येते. जुन्या कुंपणाचा परतीची तार म्हणून असा उपयोग करणे हा कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारा पर्याय आहे.

चाचणी

अर्थिंग पुरेसे आहे की नाही, हे नजरेने कळत नाही आणि कुंपणाच्या मीटरवरचा आकडाही फसवा असतो. मीटर नगण्य वीज ओढतो. त्यामुळे अर्थिंग दुबळे असले, तरी तो सात-आठ हजार व्होल्ट दाखवू शकतो. खरे रूप भार पडल्यावर उघड होते. त्यासाठी यंत्र बंद करून, त्यापासून किमान १०० मीटरवर, जिवंत तारेला दोन-तीन लोखंडी पहारी टेकवून जमिनीत रोवाव्यात. जमीन फारच कोरडी असेल, तर पहारींच्या बुडाशी पाणी ओतावे. यंत्र सुरू केल्यावर तारेवरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आला पाहिजे. त्यानंतर शेवटच्या अर्थिंग रॉडवर मीटरचे एक टोक आणि त्यापासून एक मीटरवर जमिनीत खुपसलेल्या वेगळ्या खिळीवर दुसरे टोक ठेवून मोजणी करावी. आकडा २०० ते ३०० व्होल्टच्या आत असल्यास यंत्राकडील अर्थिंग ठीक समजावे. त्यापेक्षा अधिक असेल, तर रॉड वाढवून पुन्हा मोजावे. झटका-कुंपणासाठी बनवलेलाच मीटर वापरावा. घरगुती मल्टिमीटर या ठोक्यांनी जळतो. रॉडला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर चाचणीचीही गरज नाही : अर्थिंग अपुरे आहे.

ही चाचणी केवळ यंत्राकडील बाजूची आहे. ती उत्तीर्ण होऊनही जनावरे जुमानत नसतील, तर दोष खुराखाली आहे आणि उत्तर परतीच्या तारेत. चाचणीचा हंगामही नीट निवडावा लागतो. कुंपण सहसा पेरणीच्या सुमारास बसवले जाते, त्याच वेळी तपासले जाते आणि ते उत्तीर्ण होते. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी.

एक बारीकसा दोषही येथेच सापडतो. यंत्रापासून तारेपर्यंत किंवा फाटकाखालून जमिनीतून नेलेली घरगुती वायर ही अनेक ठिकाणची चोरगळती असते. त्या वायरचे आवरण १,१०० व्होल्टसाठी बनवलेले असते आणि तिच्यातून धावतात हजारो व्होल्ट. कुंपणासाठीची जाड आवरणाची वेगळी केबल मिळते.

या सगळ्या खटाटोपाचे महत्त्व केवळ पिकाच्या नासाडीपुरते नाही. प्रमाणित यंत्राचा ठोका सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता असतो, दोन ठोक्यांमध्ये साधारण एक सेकंदाची उसंत असते आणि ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्याची ऊर्जा ५ जूलपेक्षा अधिक असू नये, असे मानकाचे बंधन आहे. म्हणूनच झटका वेदना देतो, जीव घेत नाही. ‘मशीन चालत नाही’ म्हणून वैतागलेल्या कोणी त्याच तारेला २३० व्होल्टचा घरगुती किंवा पंपाचा प्रवाह थेट जोडला, तर ही उसंत नाहीशी होते. स्नायू आखडतात, हात सुटत नाही. अशा तारांनी देशभरात शेतमजूर, मुले, जनावरे, बिबटे आणि हत्ती बळी गेले आहेत. अनेकदा मरणारा त्याच घरातला असतो. वीज अधिनियम, २००३ नुसार अनधिकृत वीजजोडणी गुन्हा आहे, माणूस दगावल्यास फौजदारी कारवाई आणि वन्यप्राणी दगावल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणासाठी अनुदान दिले जाते. अशा संचाची पाहणी करून तो ताब्यात घेताना पॅनेल आणि बॅटरीबरोबर रॉड किती, किती खोल आणि कुठे पुरले आहेत, हेही विचारून घ्यावे आणि त्या जागांवर खूण करून ठेवावी. उन्हाळ्यात पाणी नेमके तेथेच ओतायचे असते.